संकटकाळी मन उभे राहते ते कशाने?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळाच्या वतीने झालेले भाषण)

 

समितीने यंदा महिला मंडळाला विषय दिला, "कठीण काळात मनोबल कसे टिकवावे?" विषय ऐकून आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे पाहत बसलो. आम्ही काही व्याख्यात्या नव्हेत. दरवर्षी बाहेरून वक्ते येतात, माईकवर आवाज चढवून सांगतात, खचू नका, मन घट्ट करा, सिंहासारखे व्हा. टाळ्या पडतात. आम्हीही वाजवतो. पण घरी गेल्यावर चुलीवरचा रिकामा टोप तसाच असतो, आणि मन घट्ट करायचं म्हणजे नक्की काय करायचं, ते काही कुणी सांगितलेलं नसतं. हल्ली तर मोबाईलवर रोज सकाळी फुलांच्या चित्राबरोबर असलं वाक्य येतं. वाचून बरं वाटतं, नाही असं नाही. चहा होईपर्यंत टिकतं.

म्हणून आम्ही ठरवलं, की आपल्याला जे ठाऊक आहे तेच सांगायचं. आम्हाला एक कठीण काळ चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे गिरण्यांचा संप.

इथे बसलेल्या पोरांना संप म्हणजे एखाद्या दिवसाचा बंद वाटतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतल्या गिरण्या बंद पडल्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, डॉ. दत्ता सामंत त्यांचे पुढारी होते, एवढं तुम्ही पुस्तकात वाचलं असेल. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. तो संपला नाही, विरून गेला. आम्ही त्या वेळी नव्याने नांदायला आलेल्या सुना होतो. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पोटात. बीडीडी चाळीतली 160 चौरस फुटांची खोली, तीत सासू-सासरे, दीर, गावाहून आलेला एखादा भाचा. माणसं मावत होती ती पाळ्यांमुळे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या अंथरुणावर निजायचा. सकाळी सातचा भोंगा, दुपारी साडेतीनचा भोंगा, रात्री बाराचा भोंगा. आमचा स्वयंपाक, पोरांची शाळा, नळाचं पाणी, सगळं भोंग्यावर चालायचं. घरात घड्याळ नसलं तरी अडत नसे.

आणि एक दिवस भोंगा वाजला नाही.

पहिले दोन-तीन महिने, खरं सांगायचं तर, उत्साहच होता. माणसं म्हणायची, पगार वाढेल, बदलीवाले कायम होतील. आपली पुष्कळ माणसं रिंगखात्यात होती. ती तिथेच का होती, हे इथे सांगून ठेवायला पाहिजे, कारण नव्या पिढीला ते माहीत नसतं. साळखात्यात पगार जास्त. पण साळखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि आपल्या माणसाच्या तोंडाचा धागा दुसऱ्याला चालत नसे. म्हणून साळखात्याचं दार आपल्याला बंद. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. संपाच्या मागण्यांत आमच्या माणसांच्या हक्काची मागणीही आली पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे भाकरीच्या लढाईत उतरतानाही आपल्या माणसाच्या पाठीवर एक ओझं आधीपासूनच होतं. विषय थोडा बाजूला गेला, पण हे ओझं विसरून मनोबलाच्या गोष्टी करणं आम्हाला पटत नाही. ज्याच्या डोक्यावर दोन हंडे आहेत त्याला आणि रिकाम्या डोक्याच्या माणसाला एकच उपदेश कसा लागू होईल?

तर उन्हाळा गेला, पाऊस आला, आणि उत्साह ओसरला. वाण्याने वही बंद केली. आधी पितळी डबे गेले, मग तांब्याचा हंडा मोडीत गेला, मग कानातलं गेलं. काही जण बायकापोरांना घेऊन गावी गेले. गावी तरी काय होतं? जमिनीचा तुकडा भावकीत वाटलेला. काही परत आले, काही आलेच नाहीत. खोल्या विकल्या गेल्या. आम्ही बाया बाहेर पडलो. दादर-माटुंग्याला धुणीभांडी, साड्यांना फॉल लावणं, टिकल्या पाकिटावर चिकटवणं, लसूण सोलून देणं, मिळेल ते. बोटांना लसणाचा वास महिना महिना जात नसे. पोरं म्हणायची, आई, तुझ्या हाताला भाजीचा वास येतो, पण भाजी कुठे आहे?

पुरुषांचं अवघड झालं ते निराळ्या तऱ्हेनं. हे आम्ही मुद्दाम बोलतो आहोत. बाईला दुःख असलं तरी हाताला काम होतं. पोर रडलं की उठावंच लागे. पण वीस वर्षं भोंग्यावर उठलेला माणूस सकाळी सात वाजता जागा होतो आणि त्याला कुठेही जायचं नसतं. तो पॅसेजमध्ये उकिडवा बसतो. बायको कामावर जाताना त्याच्याकडे बघत नाही, तोही बघत नाही. आधी बोलणं कमी होतं, मग जेवण कमी होतं, मग कुणाकुणाच्या घरी बाटली येते. पंचशील घेतलेली माणसं होती ती. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्या वेळी मात्र दिला होता, भांडलो होतो, हेही सांगितलं पाहिजे.

आमच्या मजल्यावर एक गृहस्थ होते. नाव घेत नाही, त्यांची माणसं आज आपल्यातच आहेत. मोठे मानी. कधी कुणाकडे साखर मागितली नाही, कुणाच्या उधारीत नाहीत. बायको-मुलांना गावी पाठवून एकटेच राहत होते. संपाच्या पहिल्याच पावसात त्यांचं दार दिवसा बंद दिसायला लागलं. आम्ही येता-जाता बघत होतो. आठवडाभर बघत होतो. आपसात म्हणायचो, मानी माणूस आहे, त्यांना दया दाखवलेली आवडणार नाही, राहू द्या एकटं. त्यांच्याएवढं मनाचं बळ चाळीत कुणाकडे नाही, असंही आम्ही म्हणत होतो. आणि एके रात्री त्यांनी स्वतःला संपवलं.

इतकी वर्षं झाली, पण त्या दारासमोरून जाताना आमचा पाय अडखळतो. चाळ राहील न राहील, ते दार आमच्या मनातून जाणार नाही. कारण आम्ही ते वाजवलं नाही. दोन पावलं होती फक्त. मनोबल हे माणसाच्या आत असतं, ज्याचं त्याने सांभाळायचं असतं, अशी आमची समजूत होती. ती समजूत त्या दिवशी मोडली.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी विहारात बैठक झाली. विहार म्हणजे तेव्हा तळमजल्याला लागून पत्र्याची शेड, आत बाबासाहेबांचा फोटो, तथागतांची प्लास्टरची मूर्ती, एक ट्यूबलाईट आणि एक लाकडी कपाट. बैठकीला विषय होता वर्गणीचा. महिन्याला दोन रुपये वर्गणी होती, ती सहा महिने कुणी भरली नव्हती. विजेचं बिल थकलं होतं. काही जणांचं म्हणणं पडलं, की संप मिटेपर्यंत विहाराला कुलूप लावू, पोटाला नाही तिथे मेणबत्ती कुठली लावता? बोलणारे वाईट नव्हते. हिशेबाने बोलत होते.

तेव्हा एक म्हातारी उठली. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, मेणबत्ती नको, अगरबत्ती नको, फुलं नकोत. पण दिवा बंद करू नका. माझ्या नातवाला अभ्यासाला हाच एक दिवा आहे. खोलीत दहा माणसं झोपल्यावर तो पुस्तक कुठे उघडणार?

एवढंच ती बोलली. वर्गणी माफ झाली आणि दिवा राहिला. विजेच्या बिलासाठी आम्ही बायकांनी एक पत्र्याचा डबा ठेवला, त्यात जमेल तेव्हा चार आणे, आठ आणे. कधी नुसती मूठभर तांदूळ. ते तांदूळ आम्हीच आपसात विकत घ्यायचो. आज हसू येतं, पण बिल थकलं नाही.

त्या वर्षी वर्षावासात रोज रात्री नऊ वाजता "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथाचं वाचन ठेवलं. वाचन दरवर्षीच व्हायचं, पण गिरणी चालू असताना तिन्ही पाळ्यांची माणसं एकत्र कधी बसली नव्हती. कुणीतरी कामावर, कुणीतरी झोपलेला. त्या वर्षी पहिल्यांदा सगळे एका वेळी बसले. संपाने आमचं सगळं नेलं, तेवढी एक गोष्ट उलटी दिली म्हणायची.

वाचणारा एकच मास्तर होता. पण त्या म्हातारीच्या डोक्यातून आणखी एक गोष्ट निघाली. म्हणाली, रोज एकच का वाचतो? पाळी लावा, गिरणीत होती तशी. आणि खरोखर पाळी लागली! ज्याची पाळी त्याने एक पान तरी वाचायचं. आमच्या शेजारचे एक काका होते, रिंगखात्यातले. चौथी शिकलेले, महिनाभर कुणाशी बोलत नव्हते. त्यांची पाळी आली तेव्हा ते येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. दोन पोरं त्यांच्या दाराशी जाऊन उभी राहिली. "काका, तुमची पाळी." पाळी हा शब्द ऐकून माणूस उठला. वीस वर्षांची सवय. धुतलेला सदरा घालून आले. एकेका अक्षराला अडखळत, बोट ओळीखाली धरून त्यांनी पान वाचलं. अर्धा तास लागला. कुणी हसलं नाही, कुणी उठून गेलं नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः येऊन विचारून गेले, की पुन्हा आपली पाळी कधी?

आम्ही असं म्हणणार नाही, की एका पानाने त्यांचं दुःख गेलं. त्यांची नोकरी परत मिळालीच नाही. पुढे त्यांनी दादर स्टेशनाबाहेर भाजी विकली. पण त्या माणसाला उद्या कुठेतरी जायचं आहे, कुणीतरी आपली वाट पाहतं आहे, एवढं त्याला पुन्हा मिळालं.

त्याच वर्षावासात भन्तेजींनी आम्हाला पटाचारेची कथा सांगितली. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत आणि अट्ठकथेत तिची हकिगत आहे. श्रावस्तीच्या श्रीमंताची लेक, घरच्या चाकरावर प्रेम करून पळून गेली. दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी माहेराला निघाली तर वाटेत वादळ. नवरा साप चावून मेला. तान्हं मूल ससाण्याने उचललं, मोठं नदीत वाहून गेलं. श्रावस्तीजवळ पोचली तर कळलं, त्याच रात्री घर कोसळून आई, बाप, भाऊ गेले, आणि त्यांची चिता अजून जळते आहे. तिला अंगावरच्या वस्त्राची शुद्ध राहिली नाही. लोक तिला वेडी म्हणून दगड-माती मारू लागले. तशीच ती जेतवनात आली. तिथे तथागत धम्मोपदेश करीत होते. बसलेले लोक म्हणाले, हिला आत येऊ देऊ नका. तथागत म्हणाले, येऊ द्या. आणि तिला भगिनी म्हणून हाक मारून म्हणाले, भानावर ये.

ही कथा पुष्कळ वेळा सांगितली जाते आणि पुढे अनित्यतेचा उपदेश येतो. तो बरोबरच आहे. पण आम्हा बायकांच्या ध्यानात राहिलं ते मधलं. तिला भान आलं, आपण उघड्या आहोत हे कळलं, ती लाजून खाली बसली, तेव्हा तिथल्या एका माणसाने आपल्या अंगावरचं वस्त्र तिच्याकडे टाकलं. उपदेश त्यानंतर झाला. आधी हाक, मग वस्त्र, मग उपदेश. आपण किती वेळा उलटं करतो! माणूस उघडा पडलेला असतो आणि आपण त्याला अनित्यता समजावत बसतो. तीच पटाचारा पुढे विनयाचं ज्ञान असणाऱ्या भिक्खुणींमध्ये अग्रगण्य ठरली, आणि लेकरं गमावलेल्या कितीतरी बाया तिच्याकडे येऊ लागल्या. तिच्यात बळ नव्हतंच असं कसं म्हणणार? होतं. पण ते उठून उभं राहायला एक हाक आणि एक वस्त्र लागलं.

भन्तेजी त्या वेळी दोन बाणांचा दृष्टांतही द्यायचे. माणसाला एक बाण लागतो तो देहाला. त्यावर तो शोक करतो, छाती पिटतो, तो दुसरा बाण मनाला. पहिला चुकवता येत नाही, दुसरा न लागू देणं आपल्या हाती. आम्ही हे पुष्कळ दिवस घोकलं. संपाच्या बाबतीत आम्हाला त्याचा अर्थ असा लागला, की गिरणी बंद पडणं हा पहिला बाण. आणि मी नालायक, माझ्यामुळे पोरं उपाशी, मी आता कुणाला तोंड दाखवू, हा दुसरा. आमच्या मजल्यावरच्या त्या गृहस्थांना पहिल्या बाणाने मारलं नाही. आणि दुसरा बाण असा असतो, की तो आपल्याला दिसत नाही, तो पाठीत असतो. दुसऱ्या कुणाला तरी तो आधी दिसतो. म्हणून तर आनंदाने कल्याणमित्र म्हणजे अर्धा धम्ममार्ग असं म्हटल्यावर तथागतांनी त्याला दुरुस्त केलं, अर्धा नव्हे, सगळाच.

आता कुणी म्हणेल, मग बाबासाहेबांचं काय? ते तर एकट्याच्या बळावर उभे राहिले. आम्हालाही तसंच वाटत होतं. फोटोतला तो कोट, तो चष्मा, ते उचललेलं बोट पाहिलं की वाटतं, या माणसाच्या डोळ्यांना कधी पाणी आलं नसेल. पण घरातली हकिगत बघा. परळच्या बीआयटी चाळीत, आपल्यासारख्याच चाळीत, बाबासाहेब आणि रमाईंनी संसार केला. पाच मुलांपैकी एकटे यशवंतराव जगले. गंगाधर, रमेश, इंदू गेली, आणि जुलै 1926 मध्ये लाडका राजरत्न गेला. त्या दुःखात बाबासाहेबांनी आपल्या एका स्नेह्याला लिहिलेलं पत्र आज उपलब्ध आहे. त्यात त्यांनी काही लपवलेलं नाही. आपण पार मोडून गेलो आहोत, हे त्यांनी मोकळेपणी कळवलं. एवढा मोठा माणूस, त्याला मित्राजवळ मन मोकळं करायला कमीपणा वाटला नाही.

आणि त्यानंतर आठ महिन्यांनी, मार्च 1927 मध्ये, तेच बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर होते.

महाडची तारीख आपण पोरांकडून पाठ करून घेतो. 20 मार्च. पण त्याच्या आधीचा जुलै कुणी पाठ करून घेत नाही. आम्हाला वाटतं, दोन्ही तारखा एकत्र शिकवाव्यात. म्हणजे परीक्षेत नापास झालेल्या पोराला, लग्न मोडलेल्या पोरीला कळेल, की तळ्यावर गेलेला माणूस त्याआधी रडलाही होता. आणि रमाई? त्यांच्या दुःखावर भाषणं पुष्कळ होतात, पण त्यांच्यापाशी मन मोकळं करायला कोण होतं, हे आम्हाला कुठल्या भाषणात ऐकायला मिळालेलं नाही. 27 मे 1935 रोजी राजगृहात त्या गेल्या.

असो. संपाकडे परत येऊ. बैठकीत आणखी एक ठरलं होतं, ते सांगायचं राहिलं. त्याला आम्ही "दार वाजवणं" म्हणत असू. प्रत्येक मजल्यावर दोन बाया. रोज संध्याकाळी, दिवेलागणीला, ज्याचं दार बंद आहे ते वाजवायचं. आत जाऊन काही उपदेश करायचा नाही, पैसे द्यायचे नाहीत, कारण नव्हतेच. नुसतं विचारायचं, "चहा झाला का?" कुणी म्हणायचं झाला, कुणी ओरडायचं, कुणी दार उघडून बाहेर यायचं. एकदा एका घरातून शिव्या ऐकून आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी त्या बाईने स्वतःच दार अर्धं उघडं ठेवलं.

यातून सगळे वाचले असं समजू नका. काही घरांत दारू राहिली ती राहिलीच. काही पोरं त्या वर्षांत वाईट संगतीला लागली, गँगमध्ये गेली, त्यातली दोन परत आली नाहीत. एका बाईने आम्हाला तोंडावर सांगितलं, तुमच्या चहाने माझं भाडं भरलं जात नाही. तिचं खरं होतं. मनाचं बळ हे पगाराच्या जागी ठेवता येत नाही. हक्काचा पैसा तो हक्काचा पैसा, त्यासाठी अर्ज करा, मोर्चे काढा, कोर्टात जा. फंड आणि ग्रॅच्युइटीसाठी आमच्या माणसांनी किती वर्षं हेलपाटे घातले, ते आम्ही पाहिलं. 2012 साली गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत निघाली, तोवर संपाला तीस वर्षं झाली होती. अर्ज भरायला सून किंवा नातू गेला, कारण ज्याचा हक्क तो भिंतीवर फोटोत होता. कुणी आम्हाला नुसतं सोसा म्हणत असेल, तर त्याला आम्ही विचारतो, कुणाच्या सोयीसाठी?

पण मोर्चाला जायचं तरी सकाळी अंथरुणातून उठावं लागतं ना. ते उठवण्याचं काम त्या दिव्याने आणि त्या चहाने केलं, एवढंच आमचं म्हणणं.

त्या ट्यूबलाईटखाली अभ्यास करणारी अकरा पोरं होती. वाचन संपलं की मोठी माणसं उठायची आणि पोरं दप्तरं घेऊन बसायची. मार्च 1983 मध्ये त्यांतली चौघं दहावीला बसली. तिघं पास झाली. पेढे आणायला पैसे नव्हते, गुळाचा खडा वाटला. नापास झाला त्यालाही दिला. तो पुढे ऑक्टोबरला सुटला. म्हातारीचा नातू त्यांतलाच एक. तो पुढे शिक्षक झाला आणि आता निवृत्तही झाला. आपल्या विहारात रविवारी शिकवणी घेतो तोच. आज तो मागे चपलांजवळ उभा आहे, पुढे बोलावलं तर येत नाही.

मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा आम्हाला पहिल्यांदा तेच बंद दार आठवलं. या वेळी दार वाजवायचीही सोय नव्हती. तेव्हा इथल्या मुलामुलींनी मजल्याप्रमाणे याद्या केल्या आणि संध्याकाळी फोन करायला सुरुवात केली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, असं आम्ही म्हणणार होतो, पण ते खरं नाही. आम्हीच ही गोष्ट त्यांना शंभरदा सांगून कंटाळा आणला होता. त्या वर्षीची 14 एप्रिल घरातच झाली, खिडकीत दिवे लावून. एका घरातला कर्ता मुलगा गेला, त्याच्या आईला आम्ही भेटूही शकलो नाही. तिच्या फोनवर रोज एक जण असे. ती काही बोलत नसे. फोन मात्र बंद करत नसे.

आता पोरांचं संकट निराळं आहे. गिरणी नाही, भोंगा नाही. ऑफिसातून एका ईमेलवर नोकरी जाते आणि तो मुलगा आठ दिवस डबा घेऊन घरातून निघतो, बागेत बसून परत येतो, घरी सांगत नाही. कर्जाचे हप्ते असतात. मोबाईलवर घेतलेलं कर्ज असतं, ते आईला समजतही नाही. नव्या उंच इमारतींत दारं जाड आहेत आणि त्यांना आतून कुलूप आहे. पोरांनो, तुम्हाला आमच्याशी बोलायला संकोच वाटत असेल तर ठीक आहे, आम्ही जुन्या बायका, चार प्रश्न जास्तच विचारतो. 2022 पासून सरकारची टेलिमानस म्हणून सेवा आहे, 14416 हा नंबर, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्यावर बोला. डॉक्टरकडे जायची वेळ आली तर जा. मनाच्या डॉक्टरकडे जाणं म्हणजे वेड लागणं नव्हे. आमच्या वेळी हे सांगणारं कुणी असतं, तर आमच्या मजल्यावरचं ते एक दार कदाचित उघडलं असतं.

आणि ज्यांचं आज बरं चाललं आहे, त्यांना महिला मंडळातर्फे एक काम आहे. समितीच्या कपाटात एक वही ठेवली आहे. इमारतीप्रमाणे, मजल्याप्रमाणे. यंदा तीन मजल्यांवर कुणाचं नाव नाही. खीरदान झाल्यावर तिथेच टेबलाशी आमच्यातल्या दोघी बसणार आहेत. नाव लिहायला दोन मिनिटं लागतात. येताना संध्याकाळची कोणती वेळ जमेल, तेवढं ठरवून या.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत आणि पोरं वाट्या घेऊन बसली आहेत, तेव्हा पुरे करतो. जय भीम, नमो बुद्धाय.